पूर्णब्रह्म, अपूर्णब्रह्म आणि आपली पाककृती-पुस्तिका

१९९४ साली लग्न होऊन मी अमेरिकेत आले तेव्हा माझ्या दोन बॅगांत काय काय होते ते मला अजून आठवते. तीन लिटरचा कुकर, पोळपाट-लाटणे, सासूबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेली गोड्या मसाल्याची बरणी, आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा'. कुकरची शिट्टी कधीच हरवली, मसाला संपला, 'रुचिरा' मात्र अजून आहे. पुरणपोळीच्या पानावर तुपाचा डाग, अनारशांच्या पानावर पेनने केलेली खूण आणि कव्हराला सेलोटेप. ही स्मरणिका वाचणाऱ्या बऱ्याच घरांत अशीच एक प्रत असणार याची मला खात्री आहे.

'रुचिरा' पहिल्यांदा आले १९७० साली. कमलाबाईंनी सगळी मापे वाटी-चमच्यात दिली. आई नाही, सासू नाही, शेजारीण नाही, अशा आपल्यासारख्या मुलींना त्या पुस्तकाने हात धरून स्वयंपाक शिकवला. त्यांचे ऋण न फिटणारे आहे, आणि आज मी जे लिहिणार आहे ते त्या ऋणाला उणे करणारे नाही.

पण ते पुस्तक वापरता वापरता आम्ही एक समजूत करून घेतली. 'रुचिरा'त जे आहे ते मराठी जेवण, आणि जे नाही ते काहीतरी वेगळे, प्रादेशिक, 'त्यांच्याकडचे'. ही समजूत कमलाबाईंनी आपल्यावर लादली नाही. स्वयंपाकाचे पुस्तक लिहिणारी कुठलीही बाई आपल्या ओळखीच्या स्वयंपाकघराबद्दलच लिहिते. त्यांच्याआधी साठ वर्षे, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' लिहिले, तेही त्यांच्या मुंबईच्या पाठारे प्रभू घरातल्या ताटाशी नाते सांगणारे. प्रश्न असा, की कुठल्या घरातली बाई लिहू शकली, छापू शकली, आणि कुठल्या घरातली नाही? हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही. तो सुचायला तीस वर्षे आणि दोन पुस्तके लागली. त्या दोन पुस्तकांबद्दल हा लेख आहे. पण आधी एक कबुली द्यायला हवी.

२००६ साली आपल्या मंडळाने पाककृतींची एक छोटी पुस्तिका काढली. जुन्या सभासदांना ती आठवत असेल, पिवळ्या कव्हरची, वर समईचे चित्र होते. पाककृती निवडण्याच्या समितीत आम्ही तिघी होतो. एकंदर चौऱ्याऐंशी पाककृती घेतल्या. लाडवांचेच नऊ प्रकार होते. मांसाहार वर्ज्य नव्हता हे मुद्दाम सांगते. सारस्वतांचे माशाचे हुमण होते, सीकेपींची कोळंबी होती, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा तर होताच.

मराठवाड्यातल्या एक ताई तेव्हा नुकत्याच आपल्या गावात राहायला आल्या होत्या. त्यांनी वहीच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, एक पाककृती लिहून पाठवली: येसूर घालून केलेला वजडीचा रस्सा. आम्ही तिघींनी तो कागद वाचला. एकीने तोंड वाकडे केले, एक हसली आणि मी म्हणाले, "आपण जागा कमी पडली म्हणून सांगू." तसा निरोप गेला. ताई "काही हरकत नाही" म्हणाल्या. पुढच्या वर्षीपासून मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला त्या शिरा घेऊन येतात. गेली अठरा-एकोणीस वर्षे शिराच. आणि पुस्तिकेची शेवटची दोन पाने 'आपल्या नोंदींसाठी' म्हणून आम्ही कोरी ठेवली होती.

२०२४ च्या दिवाळीत त्याच ताईंची मुलगी, आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली, माझ्याकडे फराळाला आली. तिला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. तिने पर्समधून एक इंग्रजी पुस्तक काढले आणि म्हणाली, "मावशी, तू हे वाचलंयस? आई म्हणते, आमच्याकडे खायला स्पेशल असं काही नव्हतंच. पण मी यातले शब्द वाचून दाखवले ना, तर तिला सगळे माहीत होते."

मी तिच्या हातातले पुस्तक पाहिले. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'चा तो भूषण कोरगावकरांनी केलेला अनुवाद होता, 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा', त्याच वर्षी निघालेला. मूळ मराठी पुस्तक २०१५ सालचे. म्हणजे नऊ वर्षे ते माझ्या भाषेत उपलब्ध होते, आणि मला ते मराठी न वाचणाऱ्या मुलीकडून इंग्रजीतून कळले. मग मूळ पुस्तक भावाकडून मागवून घेतले.

ताटाबाहेरचे ताट

शाहू पाटोळे धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातले. पुस्तकाचे नावच सगळे सांगून जाते. जेवायला बसताना आपण अन्नाला 'पूर्णब्रह्म' म्हणायला शिकलो. पाटोळ्यांनी त्याला नुसता एक 'अ' लावला आहे. ज्यांच्या ताटात पूर्ण असे काही कधी आलेच नाही, त्यांनी ब्रह्म कुठून आणायचे, असा तो 'अ' विचारतो.

पुस्तकात महार आणि मांग या दोन समाजांच्या स्वयंपाकाची माहिती आहे. तिच्यात तूप नाही, दूध-दही जवळजवळ नाही, तेलही जपून. रानातल्या पालेभाज्या आहेत, ज्वारी-बाजरीच्या भाकरी आहेत, आणि गावाने नाकारलेल्या मांसाचे पदार्थ आहेत. रक्ती म्हणजे शिजवून घट्ट केलेले रक्त. वजडी म्हणजे जनावराची आतडी आणि पोट. चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या, दोरीवर कडक उन्हात वाळवलेल्या. फ्रीज नव्हता, उद्याची खात्री नव्हती. म्हणून एकदम आलेले मांस महिनोन्महिने टिकवायची ही युक्ती. निखाऱ्यावर भाजून खा, नाहीतर कालवणात टाका.

हे वाचताना काही वाचकांना अवघड होईल, हे मला कळते. मलाही झाले. आमच्या घरी गोमांस खात नाहीत, मीही खात नाही. पण हे पुस्तक वाचण्यासाठी ते खावे लागत नाही. ते कोणी, का आणि कसे खाल्ले, एवढे समजून घ्यावे लागते. मेलेले जनावर ओढून नेणे हे गावाने महारांवर टाकलेले काम होते. ते काम म्हणजे त्यांचा 'हक्क' असे गावच सांगे, आणि त्याच कामावरून त्यांना शिवायचे नाही असेही गावच ठरवी. त्या जनावराचे मांस हा त्या कामाचा मोबदला. म्हणजे एका बाजूने पगार आणि दुसऱ्या बाजूने तीच शिक्षा. पाटोळे पाककृतीच्या आधी ही व्यवस्था सांगतात, म्हणून पाककृती वाचताना तोंडाला पाणी सुटावे की मान खाली जावी, हे वाचकाला ठरवता येत नाही. या पुस्तकाचे खरे बळ मला तिथे दिसते.

त्यांचा दुसरा मुद्दा अधिक टोचणारा आहे. अन्नाची सात्त्विक, राजस, तामस अशी वर्गवारी आपण लहानपणापासून ऐकतो. 'जसे अन्न तसे मन' असेही म्हणतो. पाटोळे ही वर्गवारी उलटी धरून पाहतात. ज्याला निवडायला मिळाले त्याचे अन्न सात्त्विक ठरले, आणि ज्याला मिळेल ते खावे लागले त्याचे तामस. मग माणूसच तामस ठरला. धर्मग्रंथ आणि संतवाङ्मय यांतले अन्नाचे उल्लेख ते याच दृष्टीने तपासतात. तिथे त्यांचा सूर कडक होतो. प्रत्येक निष्कर्ष मला पटला असे नाही. संतांच्या एखाद्या उपमेवरून सगळ्या परंपरेचा हिशेब मांडणे मला घाईचे वाटते. पण प्रश्न चुकीचा आहे असे म्हणता येत नाही.

मराठीत भूक नवी नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली. आपल्यातल्या अनेकांनी ती पुस्तके वाचली, हळहळलो, आणि कपाटात ठेवली. पण त्या आत्मकथनांत अन्न येते ते भुकेच्या रूपाने. पाटोळ्यांच्या पुस्तकात भुकेबरोबर अक्कलही येते. रक्त किती वेळ शिजवायचे, आतडे कसे उलटवून धुवायचे, पट्टी किती जाड कापली म्हणजे वाळताना कुजत नाही, हे ज्ञान आहे. ते कोणीतरी पिढ्यान्पिढ्या शोधून, चुकून, सुधारून मिळवले आहे. पुरणाला कुठवर आटवायचे हे जसे ज्ञान, तसेच हेही.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती लागू झाली आणि गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. 'अन्न हे अपूर्णब्रह्म' प्रसिद्ध झाले तेही त्याच वर्षी. कायद्याबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते, पण योगायोग ध्यानात घ्यावा असा आहे. एक स्वयंपाक कागदावर यायला आणि तो करणे अवघड व्हायला एकच वर्ष उजाडले.

इकडचे पुस्तक

ताईंच्या मुलीला या विषयाची गोडी लागली ती कॉलेजात वाचलेल्या एका अमेरिकन पुस्तकामुळे. मायकल ट्विटी यांचे 'द कुकिंग जीन'. हे २०१७ साली आले आणि पुढच्या वर्षी त्याला जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा वर्षातल्या उत्कृष्ट पुस्तकाचा सन्मान मिळाला. ट्विटी हे आफ्रिकन-अमेरिकन. दक्षिणेतल्या जुन्या मळ्यांवर जाऊन, गुलामांच्या काळातले कपडे घालून, चुलीवर तोच स्वयंपाक करून दाखवणारे. आपल्या पूर्वजांचा शोध त्यांनी दप्तरांतून, डीएनए चाचणीतून आणि पातेल्यांतून घेतला, त्याची ही हकीकत.

आपण इथे राहतो, थँक्सगिव्हिंगला टर्की भाजतो, पण या देशाच्या ताटाचा इतिहास आपल्याला फारसा ठाऊक नसतो. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात मेरीलँडमधल्या मळ्यावरचा शिधा लिहून ठेवला आहे. मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड डुकराचे मांस किंवा तेवढेच मासे, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. बस्स. त्यावर दिवसभर शेतात राबायचे. डुकराचे चांगले मांस बहुतेक वेळा मालकाच्या टेबलावर. पाय, कान, आतडी यांचा वाटा गुलामांकडे. त्या आतड्यांना इथे 'चिटलिन्स' म्हणतात. आजही दक्षिणेकडच्या पद्धतीचे सामान ठेवणाऱ्या दुकानांत सणासुदीला ती बादलीत गोठवून विकायला येतात. वजडी आणि चिटलिन्स, दोन खंडांवरची ही दोन पातेली मी मनात शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ गप्प बसले.

पण ट्विटी उरल्यासुरल्याची गोष्ट सांगून थांबत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की अमेरिकेच्या दक्षिणेचा जो नावाजलेला स्वयंपाक आहे तोच मुळात काळ्या हातांनी घडवला. भेंडी आफ्रिकेची. 'गंबो' हा शब्दच आफ्रिकी भाषांतला भेंडीचा शब्द. नव्या वर्षाच्या दिवशी इथे शुभ म्हणून खातात ती 'ब्लॅक-आइड पी' म्हणजे आपली चवळी, तीही पश्चिम आफ्रिकेतून आली. साउथ कॅरोलिनाच्या भातशेतीमागे आफ्रिकेच्या भाताच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेल्या माणसांचे कसब होते. थॉमस जेफरसन यांनी आपला गुलाम जेम्स हेमिंग्ज याला पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला. १७९६ साली त्याला मुक्त केले, पण आधी त्याच्याकडून त्याच्या भावाला सगळे शिकवून घेतले. लोक जेफरसनच्या मेजवान्यांचे कौतुक करीत आले. चुलीपाशी कोण उभे होते ते फार उशिरा विचारले गेले.

इथे एक गंमत सांगते. ज्या ज्वारीची भाकरी मराठवाड्याची ओळख, ती ज्वारीही मूळची आफ्रिकेचीच. काही हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. बाजरीही तिकडचीच. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, पण त्याला इकडे 'गूबर' म्हणतात तो शब्द आफ्रिकेचा. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि गरिबाचे म्हणून हिणवलेले धान्य इथल्या महागड्या दुकानांत छोट्या पाकिटांतून येऊन बसले. धान्याला प्रतिष्ठा मिळाली याचा आनंदच आहे. पण ते ज्यांनी इतकी वर्षे खाल्ले त्यांना ती मिळाली का, हे पाकिटावर लिहिलेले नसते.

टाकायचे की मिरवायचे?

दोन्ही पुस्तके वाचून झाल्यावर मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो एक जुना वाद. तो दोन्ही देशांत झाला आणि अजून संपलेला नाही.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितले, की मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा. त्यांचे म्हणणे चवीबद्दल नव्हते, मानाबद्दल होते. असंख्य घरांनी ते मानले. पातेली बदलली, आणि त्याबरोबर काही पदार्थ, काही शब्दही घरातून गेले. अमेरिकेत १९६० च्या दशकात काळ्या लोकांनी आपल्या जेवणाला 'सोल फूड' असे अभिमानाचे नाव दिले. त्याच दशकात, १९६७ साली, 'नेशन ऑफ इस्लाम'चे एलायजा मुहम्मद यांनी 'हाऊ टु ईट टु लिव्ह' लिहून बजावले, की हे गुलामगिरीचे खाणे आहे, फेकून द्या. एकाच समाजात एक जण म्हणतो ही आपली शिदोरी, दुसरा म्हणतो ही आपली बेडी.

ट्विटी हे लपवत नाहीत. लहानपणी आपल्याला हे घरचे जेवण आवडत नसे, त्यात आपल्या काळेपणाचीच लाज मिसळलेली होती, असे ते मोकळेपणाने लिहितात. मोठेपणी ते त्याच जेवणाकडे प्रेमाने परतले. त्यांच्या पुस्तकात रडू आहे, पण शेवटी मेजवानीही आहे. वाचक पोट भरून उठतो.

पाटोळे तसे उठू देत नाहीत. त्यांना आपल्या स्वयंपाकाची नोंद हवी आहे, कौतुकाचे तोरण नको. तुम्ही आता वजडीला 'एक्झॉटिक' म्हणाल, हॉटेलात पांढऱ्या बशीत वाढाल, म्हणून जे झाले ते पुसले जाणार नाही, असा सूर त्यांच्या पुस्तकभर मला ऐकू आला. मला वाटते, परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा सूर जास्त गरजेचा आहे. इथे आपल्याला प्रत्येक गोष्टीचा 'फूड फेस्टिव्हल' करायची सवय लागली आहे. स्टॉल लावला, फोटो काढले, झाले.

उणे बाजू

आता पुस्तकातल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हे परीक्षण न होता सत्कार होईल.

पहिली उणीव अशी, की चुलीपुढे बसलेली बाई 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मला हवी तितकी बोलत नाही. पदार्थ आहेत, व्यवस्था आहे, लेखकाचा राग आणि विनोद दोन्ही आहेत. पण सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी काय उरले आणि ते कोणी खाल्ले, हे तिच्याच तोंडून ऐकायला मिळाले असते तर बरे झाले असते. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली 'इजन्ट धिस प्लेट इंडियन?' या नावाने दलितांच्या अन्न-आठवणींचे छोटे संकलन केले होते. ते या पुस्तकाच्या जोडीला ठेवण्यासारखे आहे.

दुसरे म्हणजे, कमलाबाईंची वाटी-चमच्याची शिस्त इथे शोधू नये. पाककृती वाचून थेट गॅसपाशी जाऊ म्हटले तर पंचाईत होईल. पण त्याला एक कारणही आहे. जिथे सामान काय आणि किती मिळेल याचा भरवसा नव्हता, तिथे 'दोन वाट्या' असे माप येणार कुठून? माप ही सुद्धा सुबत्तेची गोष्ट आहे, हे मला या पुस्तकाने शिकवले.

तिसरे, हे दोन समाजांचे, एका भागाचे पुस्तक आहे. विदर्भ, कोकण, भटके-विमुक्त, आदिवासी यांचे ताट अजून यायचे आहे. ट्विटींच्या पुस्तकालाही एक दोष आहे. ते पाल्हाळिक आहे. पूर्वजांच्या वंशावळीत मध्येच वाट चुकायला होते, आणि एका प्रकरणातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा भेटते. पण पूर्वजांची नावेच ज्यांच्याकडून हिरावून घेतली गेली, तो माणूस एकेक नाव सापडल्यावर ते दोनदा उच्चारतो, यात मला आता नवल वाटत नाही.

आपले काय?

कोणी म्हणेल, अमेरिकेत मुलांना मराठी टिकवणे कठीण झाले आहे, त्यात ही जुनी दुखणी कशाला? जात तर आपण विमानतळावरच सोडून आलो. मीही असेच म्हणत असे. पण २०२३ साली सिअॅटलच्या नगर परिषदेने भेदभावबंदीच्या नियमात 'जात' हा शब्द घातला, आणि कॅलिफोर्नियात तशाच विधेयकावर गव्हर्नरने सही केली नाही, तेव्हा आपल्याच लोकांत दोन्ही बाजूंनी किती कडाक्याचे बोलणे झाले ते आपण ऐकले. जी गोष्ट मागे राहिली तिच्यावर कोणी इतके भांडत नाही. त्या वादात मी कुणाची बाजू इथे मांडत नाही. मला फक्त २००६ सालचा तो वहीचा कागद आठवला. तिथे कायदा नव्हता, कोर्ट नव्हते, कोणी कोणाला वाईट बोलले नव्हते. तीन सुशिक्षित बायका होत्या आणि "जागा कमी पडली" एवढे तीन शब्द होते.

मुलांना आपण म्हणतो, "हे आपलं जेवण." 'आपलं' या शब्दात कोण कोण येते, ते मुले आपल्या ताटावरून शिकतात. माझ्या मुलाला नऊ प्रकारचे लाडू माहीत आहेत. पण ज्या मराठवाड्यात माझ्या नवऱ्याने चार वर्षे इंजिनिअरिंग केले, तिथल्या अर्ध्या गावाने काय खाऊन दिवस काढले ते मला पन्नाशी उलटून गेल्यावर कळते आहे.

दिवाळीनंतर मी ताईंकडे गेले. अठरा वर्षांनी माफी मागायची म्हणजे कसे मागायचे ते कळत नव्हते. मी सरळ सांगितले, की जागा होती, दोन पाने कोरी होती. ताई म्हणाल्या, "मला माहीत होतं हो. पुस्तिका मीसुद्धा विकत घेतली होती." आणि त्यांनी चहा टाकला.

थोड्या वेळाने मी विचारले, की इथे वजडी मिळते तरी कुठे? तेव्हा त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या. गावाबाहेरच्या रस्त्यावर मेक्सिकन लोकांचे मटणाचे दुकान आहे, तिथे आतडी आणि पोट दोन्ही मिळते. त्यांचेही त्याचे रस्से असतात. ताई तिथे पहिल्या वर्षापासून जातात. दुकानदार त्यांना ओळखतो, स्वच्छ करून ठेवतो. तिथेच रांगेत त्यांची एका काळ्या आजीबाईंशी ओळख झाली, आणि कोण कसे धुते यावर दोघींचे मोडक्या इंग्रजीत बोलणे होत असते. "मोडके माझे, त्यांचे नाही," ताई म्हणाल्या. म्हणजे मी दोन पुस्तके वाचून जो संबंध जुळवत होते, तो ताईंनी केव्हाच रांगेत उभे राहून जुळवला होता. मंडळाला फक्त पत्ता नव्हता.

येत्या वर्षी मंडळाची नवी पाककृती-पुस्तिका निघायची आहे. समितीला माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, 'रुचिरा'शेजारी मंडळाच्या वाचनालयात 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मराठीतून आणि इंग्रजीतूनही ठेवावे, म्हणजे आईवडील आणि मुले आपापल्या भाषेत वाचू शकतील. दोन, पाककृती मागवताना 'पारंपरिक महाराष्ट्रीय' हे शब्द काढून 'तुमच्या घरात जे शिजायचे ते' असे लिहावे. आणि ज्याला पदार्थाबरोबर त्याची गोष्टही सांगायची असेल त्याला पान द्यावे. ज्याला सांगायची नसेल त्याला विचारू नये. गप्प राहण्याचाही हक्क असतो.

ताईंना मी पाककृती पुन्हा मागितली. त्या म्हणाल्या, "लिहून नाही देणार आता. करून दाखवते, तुम्ही लिहून घ्या." पुढच्या शनिवारी मी वही घेऊन गेले. गरम पाण्याने चार वेळा धुणे, हळद-मीठ घालून कुकरला शिट्ट्या, मग कांदा, लसूण, भाजलेले सुके खोबरे आणि शेवटी येसूर. मी दर वेळी विचारायचे, "किती घालू?" आणि त्या म्हणायच्या, "रस्सा सांगतो." त्यांची मुलगी शेजारी उभी राहून फोनवर रेकॉर्ड करत होती.

माझ्या वहीत एकही माप नाही. समितीने ते चालवून घ्यावे.